डोंगरावरची रात्र : हरिश्चंद्रगडावरच्या मुक्कामाचा इतिहास



विषय वाचून काहींना प्रश्न पडला असणार. इतिहासाच्या व्याख्यानमालेत हा ट्रेक कुठून शिरला? लढाया, तह, सनावळ्या सोडून आज सॅक आणि तंबूंच्या गप्पा कशाला? तर आधीच सांगतो, लढाई आज जवळजवळ नाहीच. आम्ही दहा-बारा मित्र गेली बरीच वर्षं मिळून डोंगरात जातो. कुणी शाळेत शिकवतं, कुणी बँकेत आहे, दोघं मोडी वाचणारे आहेत. शनिवारी रात्री वर मुक्काम करायचा आणि रविवारी उतरायचं, हा शिरस्ता. या मुक्कामातूनच आम्हाला एक साधा प्रश्न पडला. आपल्या आधी इथे रात्री कोण झोपत होतं? का झोपत होतं? पाणी कुठून आणत होतं, विस्तव कुठे करत होतं आणि कचरा कुठे टाकत होतं?

किल्ल्यांचा इतिहास आपण बहुतेक दिवसाचा लिहितो. अमुक दिवशी वेढा पडला, तमुक दिवशी निशाण चढलं. पण किल्ला वेढ्यात असे तो वर्षातून किंवा पिढीतून काही दिवस. बाकीच्या हजारो रात्री तिथे माणसं नुसती राहत होती. त्या राहण्याचा इतिहास पाहिला की आज शनिवारी कोकणकड्यावर जे चाललंय त्याकडे वेगळ्या नजरेने बघता येतं. म्हणून आजचं उदाहरण हरिश्चंद्रगडाचं.

आधी शब्द पाहू. आज आपण सगळ्यालाच कॅम्पिंग म्हणतो. मराठीत यासाठी शब्दांचं दुकान आहे. मुक्काम हा अरबी-फारसीतून आलेला. सैन्याचा तो तळ, पावसाळ्यात बसली की छावणी, वाटसरूची ती वस्ती, संसार बरोबर असेल तर बिऱ्हाड. म्हणजे कोण उतरलंय आणि किती दिवसांसाठी, हे शब्दावरूनच कळायचं. ‘मुक्कामाची एसटी’ आपण अजून म्हणतो. गावात रात्री येऊन थांबणारी आणि पहाटे सुटणारी गाडी. या एसटीने सह्याद्रीतल्या भटकंतीसाठी जेवढं केलंय तेवढं कुठल्या संस्थेने केलं नसेल, पण ते पुढे येईल.

हरिश्चंद्रगड अकोले तालुक्यात. पुणे, ठाणे आणि अहिल्यानगर (म्हणजे जुना अहमदनगर) या तीन जिल्ह्यांच्या सीमा जिथे जवळ येतात तिथे. तारामती शिखराची उंची १४०० मीटरहून थोडी जास्त. पाचनईकडून सोपी वाट, खिरेश्वरकडून तोलार खिंडीतून जरा लांबची, आणि कोकणातून बेलपाड्याकडून नळीची वाट, जी येऱ्यागबाळ्याचं काम नाही. पश्चिमेला कोकणकडा. नुसता उभा नाही, आत वळलेला, अर्धवर्तुळाकार. काठावर पालथं पडून खाली डोकावलं की पोटात गोळा येतो, तो हा कडा.

या भागात डोंगरात रात्र काढायची सोय दोन हजार वर्षांपूर्वीची आहे. फार लांब नाही, जुन्नरजवळचा नाणेघाट घ्या. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून माल घाटावर यायचा तो याच वाटेने. माथ्यावर जे लेणं आहे ते सातवाहनांचं, नागनिकेच्या शिलालेखासाठी प्रसिद्ध. पुस्तकांत आपण तो लेख वाचतो, यज्ञ आणि दानं मोजतो आणि पुढे जातो. पण तिथे पाण्याची टाकी आहेत, आणि टाक्यांवरही लेख आहेत. सोपाऱ्याच्या गोविंददास नावाच्या माणसाने एक टाकं दान दिलं, एवढाच एक छोटा लेख. टाक्याला शब्द आहे ‘पोढी’. आता विचार करा. सोपारा समुद्रकाठी, आणि हा माणूस पैसे घालतोय घाटमाथ्यावरच्या टाक्यात. का? कारण बैलांचा तांडा घेऊन घाट चढून आलेल्याला सगळ्यात आधी पाणी लागतं. ज्याला त्या वाटेची तहान माहीत होती त्याने ते खोदून घेतलं. आमच्या लेखी सह्याद्रीतल्या मुक्कामाच्या इतिहासातलं हे फार जुनं आणि फार मोलाचं कागदपत्र आहे. दगडावरचं आहे एवढंच.

जुन्नरच्या परिसरात बौद्ध लेणी दोनशेच्या आसपास. पावसाळ्यात भिक्षूंनी हिंडायचं नाही, एका जागी राहायचं, हा वर्षावासाचा नियम. लेण्याद्रीच्या किंवा कान्हेरीच्या खोल्यांत जाऊन बघा, आत दगडी ओटा असतो. लोक त्यावर बसून फोटो काढतात. तो झोपायचा ओटा आहे. जमिनीपासून वर, म्हणजे ओल लागत नाही, किडा-मुंगी चढत नाही. आज आपण पाठीखाली कॅरिमॅट घालतो ती याच कारणासाठी.

हरिश्चंद्रगडावरच्या गुहा मात्र बौद्ध नाहीत, त्या शैव परंपरेतल्या आणि बऱ्याच नंतरच्या. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, शेजारी पुष्करिणी, तिथून सुरू होणारी मंगळगंगा, आणि जरा खाली केदारेश्वराची गुहा. त्या गुहेत मध्ये मोठी पिंड, चहूबाजूंनी कमरेएवढं पाणी, आणि ते पाणी असं गार की उन्हाळ्यातही पाय बधिर व्हावेत. चार खांबांपैकी एकच शिल्लक आहे. चार खांब म्हणजे चार युगं, हा शेवटचा पडला की जग बुडणार, अशी लोककथा. कथा म्हणून गोड आहे, पण तीन खांब पडले ते दगडाच्या झिजेने आणि पाण्याने.

इथे राहणारे कोण? साधक. चांगदेवांचा ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ इथलाच, शके १२३४, म्हणजे इसवी सन १३१२ चा. ज्ञानेश्वरीला तेव्हा जेमतेम बावीस वर्षं झाली होती. ग्रंथ लिहायचा म्हणजे एक-दोन रात्रींचं काम नव्हे. महिनोन्‌महिने राहायचं, दिवा, तेल, धान्य, सगळं खालून वर यायला हवं. ते कोण आणत होतं? त्याची नोंद कुठल्याच ग्रंथात नसते. पण आजही वर बसलेल्याला पिठलं-भाकरी मिळते ती पाचनईच्या डोक्यावरून आलेली असते. सातशे वर्षांपूर्वी वेगळं काही होत असेल असं आम्हाला वाटत नाही.

आता गडाच्या काळात येऊ. इथे आमचा जीव सगळ्यात जास्त रमतो, थोडा वेळ घेणार आहे.

हरिश्चंद्रगड मोगलांकडून मराठ्यांकडे आला तो अठराव्या शतकाच्या मध्याला, १७४७-४८ मध्ये. पण गडावर राहावं कसं, याचा विचार त्याच्या आधीच लिहून झाला होता. रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’, १७१६ च्या सुमाराचं. त्यातलं दुर्गांचं प्रकरण सगळे उद्धृत करतात, पण बहुधा ‘किल्ल्यांचं महत्त्व’ या मथळ्याखाली. आम्ही ते एकदा मुक्कामाचे नियम म्हणून वाचलं, आणि थक्क झालो. पंत सांगतात, किल्ला बांधण्याआधी पाणी बघा. नसेल तर खडक फोडून टाकी करा. झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, कारण लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटतात. एका टाक्यावर विसंबू नका. साठवणीचं पाणी वेगळं राखून ठेवा.

आणि मग येतो केराचा मुद्दा. गडावर वाटेत, बाजारात केर पडू द्यायचा नाही. तो कड्यावरून खालीही ढकलायचा नाही. जागच्या जागी जाळायचा, ती राख परसात घालायची, आणि तिथे भाजीपाला करायचा. मंडळी, ही १७१६ ची गोष्ट आहे! तेव्हा प्लास्टिक नव्हतं, कुरकुऱ्यांची पाकिटं नव्हती. केर म्हणजे पालापाचोळा, शेण, चुलीतला कचरा. तरीसुद्धा राज्याच्या अमात्याला तो नियम लिहावासा वाटला. कारण गडावर माणसं आणि पाणी एकाच खडकावर असतात. वर टाकलेलं पावसात वाहत टाक्यात येतं. हा काही पर्यावरणदिनाचा उपदेश नाही, हा जगण्याचा हिशेब आहे.

टाक्यांची रचना पाहिली तर हे आणखी कळतं. बेसॉल्टच्या दोन थरांच्या मध्ये कधीकधी एक तांबडा मऊ थर असतो, पाणी झिरपत येतं ते अशा सांध्यांतून. खोदणाऱ्यांना हे अनुभवाने माहीत होतं. काही टाकी उघडी, काही आत खडकात शिरलेली आणि छताला खांब सोडलेले, ती खांबटाकी. आतलं पाणी सावलीत, म्हणून उन्हाने उडत नाही आणि शेवाळ कमी धरतं. वर खडकावर बारीक खाच मारलेली असते, पावसाचं पाणी बरोबर तोंडाशी आणायला. ती खाच बुजली की टाकं मेलं. खांब आणि मूर्ती सगळ्यांना दिसतात, ही खाच कुणाला दिसत नाही.

विस्तवाचंही तसंच. शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र, १६७३-७४ च्या सुमाराचं, रयतेच्या काळजीसाठी प्रसिद्ध आहे आणि ते योग्यच आहे. पण त्याचा अर्धा भाग निव्वळ तळाच्या शिस्तीचा आहे. दाणा-वैरण आत्ताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात धान्य, गवत, लाकूड, भाजी मागायला शिराल, आणि त्यांना मोगल बरे वाटतील. मग आगीची भीती. कुणी स्वयंपाक करेल, कुणी तंबाखू ओढेल, कुणी रात्री दिवा तसाच ठेवेल आणि उंदीर पेटती वात पळवून नेईल. गवताला लागली की सगळी छावणी गेली. स्वराज्य उभारणारा राजा उंदराने नेलेल्या वातीचा विचार करतो! आमच्यातला एक मित्र गमतीने या पत्राला ‘पहिली ट्रेक-लीडरची नोट’ म्हणतो. गंमत सोडा, पण रात्रीच्या तळावर अपघात कसा होतो हे ज्याने अनुभवलंय त्यालाच असं लिहिता येतं.

गड राखणारी माणसं कोण होती? किल्लेदार, हवालदार, सबनीस यांची नावं दप्तरात सापडतात. रात्रीचा पहारा आणि डोंगराच्या आडवाटा ज्यांच्या अंगावर होत्या त्यांची सापडत नाहीत. या भागात ते मुख्यतः महादेव कोळी. त्यांच्या नाईकांना गडांच्या राखणीचे हक्क आणि वेतनं होती. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि कंपनी सरकारने दोन गोष्टी केल्या. सह्याद्रीतल्या अनेक गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, वाटा मोडल्या. आणि राखणदारांचे हक्क कमी केले किंवा बंद केले. पहिली गोष्ट आपल्याला अलंग-मदनसारख्या गडांवर डोळ्यांनी दिसते, तुटलेला कातळ चढताना हातांना कळते. दुसरी दिसत नाही, पण जास्त खोल गेली.

त्यातून बंडं झाली. अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे. वडील रामजीही बंडातले. १८४४ पासून पुढे तीन-चार वर्षं राघोजी सरकारला या डोंगरांतून हुलकावणी देत राहिले. शेवटी पंढरपुरात सापडले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. आता या काळातली डोंगरावरची रात्र कशी असेल? विस्तव केला तर धूर दिसतो. बोललं तर आवाज दरीत घुमतो. पाण्यावर गेलं तर पाळत असते. कालपर्यंत जो माणूस गडावर हक्काने पहारा करत होता, तो त्याच गडाच्या कपारीत लपून बसलेला. आपण शेकोटीभोवती बसून भुताच्या गोष्टी सांगतो त्या कपारींचा हाही एक इतिहास आहे, आणि वर जाणाऱ्या शंभरातल्या पाच जणांनाही तो माहीत नसतो. देवगावात राघोजींचं नाव काढून बघा, तिथे मात्र लहान पोरालाही माहीत असतं.

आणि गंमत बघा, त्याच सुमाराला साहेबाने डोंगराचा दुसरा उपयोग शोधला, हवा खाण्याचा. महाबळेश्वरची वसाहत १८२८-२९ ची. माथेरान १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याने शोधलं म्हणतात. ‘शोधलं’ हा शब्द आम्हाला नेहमी मजेशीर वाटतो, तिथे धनगर आणि ठाकर आधीपासून होतेच. तसंच इंद्रवज्राचं. कर्नल साइक्स दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडत होता. त्याचा दख्खनच्या हवामानावरचा निबंध १८३५ मध्ये रॉयल सोसायटीने छापला. हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून दिसलेल्या पूर्ण गोल इंद्रधनुष्याचं वर्णन त्यात आहे. ‘साइक्सने १८३५ मध्ये इंद्रवज्र पाहिलं’ असं सगळीकडे छापतात, पण ते छापल्याचं साल आहे. त्याच्या काही वर्षं आधीच तो विलायतेला परतला होता.

इंद्रवज्र दिसायला काय लागतं? सूर्य पाठीशी हवा, धुकं समोर आणि खाली हवं. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे सूर्य पाठीशी येतो तो सकाळी. पायाखाली दरी, जमीन आड येत नाही, म्हणून अर्धी कमान न दिसता पूर्ण वर्तुळ दिसतं आणि मधोमध आपलीच सावली. याचा सरळ अर्थ असा की ज्याने रात्र वर काढली, किंवा जो तिथेच राहतो, त्यालाच ते दिसायची शक्यता जास्त. पावसाळ्यात गुरं घेऊन वर येणाऱ्या पोरांनी साइक्सच्या आधी ते कितीदा पाहिलं असेल? त्यांचा निबंध कुणी छापला नाही इतकंच.

आता आपल्या पिढ्यांकडे. मुंबई-पुण्याची नोकरदार मुलं हौसेने डोंगरात मुक्कामाला जायला लागली ती मुख्यतः स्वातंत्र्यानंतर. १९५३ मध्ये एव्हरेस्ट सर झालं, पुढच्याच वर्षी दार्जिलिंगला गिर्यारोहण संस्था निघाली, त्याचं वारं इथेही आलं. पण सह्याद्रीतल्या भटकंतीला स्वतःचं वळण दिलं ते इतिहासाने, आणि गो. नी. दांडेकरांसारख्या माणसांनी. त्यांचं ‘दुर्गभ्रमणगाथा’ वाचून गडावर गेलेले कितीतरी जण या सभागृहातच असतील. हात वर करू नका, वेळ जाईल. त्यांनी शिकवलं की गड उरकायचा नाही, गडावर राहायचं.

त्या काळात सामान काय? घोंगडी, एक पातेलं, डाळ-तांदूळ, कांदे-बटाटे, विजेरी. तंबू नाहीच. मुक्कामाची एसटी पकडून राजूरला नाहीतर खुबी फाट्याला उतरायचं, चालत जायचं आणि गुहेत झोपायचं. तीन दगडांची चूल, खिचडी, आणि गुहेत एवढीच जागा की आधी आलेल्या गटाला विचारून पथारी टाकायची. हा मुद्दा साधा वाटतो पण महत्त्वाचा आहे. गुहेत जागा वीस-पंचवीस जणांची. म्हणजे गडावर रात्री किती माणसं राहणार, हे गुहाच ठरवत होती.

तंबूने हे मोडलं. तंबू कुठेही लागतो. पाचनईपर्यंत गाडी जाते, दोन-अडीच तासांत वर, आणि तंबू भाड्याने वरच मिळतो. सुट्टीच्या शनिवारी कोकणकड्याच्या पठारावर तंबूंची नुसती दाटी. कडा बघायला आलेल्याला आधी स्पीकर ऐकू येतो. समजा एका रात्री तीनशे माणसं आली आणि प्रत्येकाने पाचच लिटर पाणी वापरलं, तर दीड हजार लिटर झालं. मार्च-एप्रिलमध्ये हे कुठल्या टाक्यातून येणार? आणि तीनशे माणसं सकाळी कुठे जाणार, हे तुम्ही मला विचारू नका. अमात्यांनी जे लिहिलं त्यातला केर आणि पाणी हा सगळा हिशेब इथे उलटा होतो.

यावर एक उपाय नेहमी सुचवला जातो, मुक्काम सरसकट बंद करा. हा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, म्हणून नियम करायचा अधिकार वनखात्याला आहेच. पण आम्हाला सरसकट बंदी पटत नाही, आणि कारण इतिहासातलंच आहे. या डोंगरावरून स्थानिकांचा हक्क एकदा काढून घेतला, त्याचं काय झालं ते आत्ता सांगितलं. आज वर झोपडी टाकून भाकरी विकणारी बाई किंवा तंबू भाड्याने देणारा मुलगा हा बहुतेकदा त्याच राखणदारांचा वंशज आहे. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा गडाच्या नावावर त्यांच्या घरात चार पैसे येतायत. ते बंद करून पुण्या-मुंबईच्या आमच्यासारख्यांनी निसर्गरक्षणाचं समाधान मिळवायचं, हे बरं नव्हे. पण मग रात्रीला माणसांचा आकडा हवा, आणि तो गावाने ठरवावा, पाण्यावरून ठरवावा. गुहा ठरवत होती तसा. टाक्यात पाणी किती, त्यातलं राखीव किती, उरलेल्यात किती माणसं. कड्याच्या काठापासून तंबू लांब, चुली ठरलेल्या जागी, कचरा ज्याचा त्याने खाली न्यायचा.

पाचनईतल्या एका आजोबांशी आम्ही हे बोललो. ते हसले. म्हणाले, ‘‘तुम्ही आकडा म्हंता, आम्ही लहानपणी गुरं वर न्यायचो तव्हा कोणत्या टाक्यावर गुरं न्यायची न्‌ कोणतं माणसांचं, हे ठरलेलंच व्हतं. कुणी लिहिलं नव्हतं.’’ मग त्यांनी बोटांवर मोजत टाकी सांगितली. कोणतं बारमाही, कोणतं होळीपर्यंत, कोणतं बुजलंय. आमच्या नकाशात त्यातली निम्मी नव्हती.

तर आता आमच्या गटाने ते काम घेतलंय. वनखात्याची परवानगी काढून, गावातल्या चार जाणत्यांना बरोबर घेऊन प्रत्येक टाक्याची लांबी, रुंदी, खोली मोजायची, पाण्याची पातळी दिवाळीत, होळीला आणि मे अखेरीस अशी तीनदा नोंदवायची, आणि तोंडाशी येणाऱ्या खाचा कुठे बुजल्यात ते बघायचं. मुक्काम पाचनईतच, घरांतून. टेप आणि दोर आहेत, वही आहे. माणसं कमी पडतायत. ज्यांना यायचंय त्यांनी व्याख्यान संपल्यावर त्या टेबलापाशी नाव द्या. चढ जमतो की नाही तेही लिहा, म्हणजे कुणाला मे महिन्याच्या फेरीत घ्यायचं ते ठरवता येईल.